काम खाली सरकतं, जाब कुणाला विचारायचा?

(जागतिक परिचारिका दिनानिमित्त १२ मे रोजी परिचारिका, रुग्णालयातल्या मावश्या आणि आपल्या गटातल्या कार्यकर्त्या यांची एकत्र बैठक झाली. त्या बैठकीत केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)



आज इथे पुढच्या रांगांमध्ये सिस्टर बसल्या आहेत, त्यांच्या मागे मावश्या आणि सगळ्यात मागे आपल्या गटातल्या बायका. या बायका कधी ना कधी आईजवळ, सासूजवळ, लेकीजवळ रुग्णालयात रात्री काढून आल्या आहेत. असं बसा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं, पण वॉर्डातली उतरंड इथेही आपोआप तयार झाली. आजचा विषय या उतरंडीचाच आहे. वरून आलेलं काम एकेक पायरी खाली सरकतं तेव्हा त्याची जबाबदारी कुठे जाते, आणि ज्या रुग्णासाठी हे सगळं चाललेलं असतं तिच्या हक्कांचं काय होतं, याविषयी मी बोलणार आहे.

सुरुवातीला एक हकीकत सांगते. त्यात चूक माझीही आहे, म्हणून दुसऱ्या कुणाविषयी बोलण्याआधी ती सांगितलेली बरी.

एम.एस.डब्ल्यू. झाल्यावर मी एका मोठ्या सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून काम करत होते. बायकांच्या मेडिसिन वॉर्डात साठीच्या एक बाई अर्धांगवायूच्या झटक्यानं दाखल झाल्या होत्या. गिळता येत नव्हतं, म्हणून नाकातून नळी घातली होती. सोबतीला सून होती. नळीतून दर काही तासांनी पातळ अन्न द्यायचं होतं. हे काम परिचारिकेचं. पण वॉर्डात तीस खाटा, खाली गाद्या टाकून आणखी दहा-बारा बायका आणि रात्रपाळीला एकच सिस्टर. सिस्टरनं मावशीला सांगितलं, "नऊ नंबरचं फीड तेवढं बघ." मावशीनं दोनदा दिलं. तिसऱ्या वेळी तिला दुसरीकडे हाक आली, तेव्हा तिनं सिरिंज सुनेच्या हातात दिली आणि म्हणाली, "शिकून घे, घरी गेल्यावर तुलाच करायचंय."

हे वाक्य मुळात माझं होतं. आदल्याच दिवशी वॉर्डात मी त्या सुनेला तसं सांगितलं होतं आणि मावशी शेजारी उभी होती. मला वाटलं होतं, मी तिला धीर देते आहे.

त्या रात्री सासूबाई उशीवरून घसरून जवळजवळ सपाट झाल्या होत्या. अन्न देताना डोक्याकडची बाजू उंच हवी, नळी जागेवर आहे का ते आधी तपासायला हवं, हे सुनेला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं तसंच दिलं. ठसका लागला, अन्न श्वासनलिकेत गेलं. सकाळपर्यंत बाई गेल्या.

चौकशी झाली. सिस्टरला मेमो मिळाला. मावशी कंत्राटी होती. तिला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगण्यात आलं. कागदावर ओळ पडली, "नातेवाइकांनी परस्पर अन्न दिले." माझं नाव कुठेच आलं नाही. त्या वॉर्डासाठी किती परिचारिका मंजूर आहेत आणि त्यातल्या किती जागा रिकाम्या आहेत, हे चौकशीत कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

महिनाभरानं ती सून दाखला न्यायला आली. माझ्या टेबलासमोर उभी राहून म्हणाली, "ताई, आत्याबाई माझ्या हातानं गेल्या का हो? घरात सगळे तसंच म्हणत्यात." मी म्हटलं, "नाही गं." पण का नाही, ते मला तिला नीट सांगता आलं नाही. आज जे बोलणार आहे ते तिला द्यायचं राहून गेलेलं उत्तर आहे.

सोपवणं आणि ढकलणं

काम सोपवण्यात वाईट काही नाही. प्रत्येक खाटेची चादर सिस्टरनंच बदलायची म्हटली तर इंजेक्शनं वेळेवर कोण देणार? परिचर्येच्या शिक्षणात याविषयी पाच गोष्टी शिकवतात. हे काम सोपवण्याजोगं आहे का? या रुग्णाच्या आजच्या अवस्थेत ते सोपवावं का? जिला सांगतो तिला ते येतं का? काय करायचं, काय करायचं नाही आणि कधी हाक मारायची, हे स्पष्ट सांगितलं का? आणि सांगून झाल्यावर आपण स्वतः जाऊन पाहिलं का?

नऊ नंबरच्या खाटेला हे पाच प्रश्न लावून बघा. नळीतून अन्न देणं हे सोपवण्याजोगं काम नव्हतं. बाईंची अवस्था नाजूक होती. मावशीला कुणी शिकवलेलं नव्हतं आणि सुनेला तर नव्हतंच. "तेवढं बघ" ही सूचना होत नाही. जाऊन पाहायला सिस्टरला सवड नव्हती. पाचही उत्तरं नकारार्थी. याला सोपवणं म्हणता येणार नाही, हे काम ढकललं गेलं. सिस्टरवर ते वरून ढकललं गेलं होतं, तिनं ते पुढे ढकललं.

बेडपॅन देणं, अंग पुसायला मदत करणं, गिळता येणाऱ्या रुग्णाला घास भरवणं, तपासणीला ढकलखुर्चीतून नेणं ही कामं शिकवून सोपवता येतात. औषध देणं, इंजेक्शन, नळीतून अन्न देणं, रुग्णाची तब्येत बिघडली की सुधारली हे ठरवणं, ही कामं सिस्टरला मावशीवर सोपवता येत नाहीत. आता यातली बारीक गोष्ट पाहा. कूस बदलताना रुग्णाच्या कमरेवरचा लाल चट्टा पहिल्यांदा दिसतो तो मावशीला. तो बेडसोअरची सुरुवात आहे का, हे ठरवायचं सिस्टरनं. पण "सिस्टर, इथं लाल झालंय" हे सांगितल्यावर "तुला काय कळतं" असं उत्तर मिळणार असेल, तर मावशी पुढच्या वेळी सांगणार नाही. त्याची किंमत रुग्ण मोजते.

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. काम नीट करण्याची जबाबदारी, ते जिनं स्वीकारलं तिची. ते काम कुणाला, कोणत्या परिस्थितीत आणि काय सांगून दिलं, याचा जाब जिनं दिलं तिला द्यावा लागतो. हा नियम सिस्टर आणि मावशीपुरता थांबत नाही. चाळीस रुग्ण एका सिस्टरवर सोपवणाऱ्या प्रशासनाला आणि जागा न भरणाऱ्या सरकारलाही तो लागू आहे.

नात्यांची नावं

आपल्याकडे रुग्णालय नात्यांच्या नावांवर चालतं. परिचारिका म्हणजे सिस्टर, आया म्हणजे मावशी, वॉर्डबॉय म्हणजे मामा आणि मी ताई. या नावांत आपुलकी आहे, मला ती आवडतात. पण त्यामुळे एक घोटाळा होतो. मावशी म्हटलं की तिचं प्रशिक्षण झालं आहे का, तिचे कामाचे तास किती, तिचा पगार ठेकेदार किती कापतो, हे विचारायचं सुचत नाही. मावशी आपली आहे, ती करेलच. घरात बायकांची कामं जशी कामं म्हणून मोजली जात नाहीत, तसंच इथे होतं.

उतरंडीची शेवटची पायरी म्हणजे रुग्णाजवळची बाई. दाखल करतानाच विचारतात, "सोबत बाईमाणूस कोण आहे?" पुरुषाजवळ बायको, मुलाजवळ आई, सासूजवळ सून. सलाईन संपत आलं की सिस्टरला सांगायचं, लघवीची पिशवी रिकामी करायची, रिपोर्ट आणायला धावायचं, रात्रभर जागायचं. या कामाला पगार नाही, शिक्षण नाही, झोपायला जागा नाही. पण काही बिघडलं की "परस्पर" हा शब्द तिच्यासाठी तयार असतो.

हे काम बाईवरून बाईवर जात असल्यामुळे भांडणंही बायका-बायकांतच होतात. सिस्टर मावशीवर ओरडते, मावशी नातेवाइकांवर, नातेवाईक सिस्टरवर धावून जातात. यात जातही आहे. बेडपॅन आणि सफाईचं काम कोणत्या समाजातल्या बायकांच्या वाट्याला येतं, हे आपण सगळ्या जाणतो. एकाच वॉर्डातल्या सिस्टर आणि मावशी एका टेबलावर चहा घेत नाहीत, आणि आपल्याला त्याचं काही वाटत नाही.

शिक्षा कुणाला

भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण असं आहे की शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी, शिवाय रजांसाठी ३० टक्के जादा. इथल्या सिस्टरनी आपापल्या वॉर्डाचा हिशेब मनातल्या मनात करावा. खाजगी क्षेत्रात वेगळा प्रकार चालतो. १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमानुसार परिचारिकेची महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी लागते. पण अनेक छोट्या रुग्णालयांत दहावी-बारावी झालेल्या मुलींना पांढरा कोट चढवून इंजेक्शनं द्यायला लावतात. त्या मुलीला पगार मावशीचा मिळतो, धोका मात्र सिस्टरचा पत्करावा लागतो.

मोठी दुर्घटना घडते तेव्हा काय होतं ते आपण २०२१ मध्ये दोनदा पाहिलं. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि १० बाळं गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयात कोविडच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि ११ रुग्ण त्या दिवशी दगावले. दोन्ही ठिकाणी वरचे अधिकारी निलंबित झाले. पण भंडाऱ्यात पोलिसांनी गुन्हा दाखल केला तो दोन परिचारिकांवर. नगरमध्ये तीन दिवसांत चार जणींना अटक झाली: एक महिला वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिका. चौघीही बायका.

त्या रात्री किंवा त्या दिवशी कुणी हलगर्जी केली नाही, असं मी इथे बसून म्हणणार नाही. ते न्यायालय ठरवेल. गेलेल्या बाळांच्या आयांना उत्तर मिळायलाच हवं. पण वीजजोडणी तपासणं, आग विझवण्याची यंत्रणा बसवणं, तिच्यासाठी पैसे मंजूर करणं, यातलं एकही काम परिचारिकेकडे नसतं. २००५ मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की डॉक्टरवर फौजदारी कारवाई करण्यापूर्वी तपास अधिकाऱ्यानं स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावं आणि सरसकट अटक करू नये. ही काळजी परिचारिकेच्या बाबतीतही घेतली जावी, ही मागणी आपली असायला हवी. घाईनं केलेली अटक पाहून लोकांचा राग शांत होतो, आणि पुढची आग टाळण्याचं काम तसंच राहून जातं.

रुग्णाचा हक्क आणि सिस्टरची सही

परिचारिकांच्या बाजूनं बोलताना रुग्ण विसरली जाऊ नये. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं २०१८ मध्ये रुग्णहक्कांची सनद तयार केली. आपल्या राज्यात शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत जानेवारी २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन रुग्णहक्कांची सनद त्यात आली. आजार आणि उपचार यांची माहिती मिळणं, आपल्यावर उपचार करणारी व्यक्ती कोण आहे हे कळणं, केसपेपरच्या प्रती मिळणं, खाजगीपणा जपला जाणं, पुरुष डॉक्टर तपासत असताना स्त्री हजर असणं, संमतीशिवाय शस्त्रक्रिया न होणं, हे हक्क आहेत. कुणी केलेले उपकार नाहीत.

यातलं संमतीचं उदाहरण घेऊ, कारण इथेही काम खाली सरकतं. दिल्लीत १९९५ मध्ये एका ४४ वर्षांच्या अविवाहित बाईंना तपासणीसाठी भूल दिली होती. त्या भुलेखाली असताना डॉक्टरनं बाहेर बसलेल्या आईची संमती घेतली आणि त्यांचं गर्भाशय आणि बीजकोश काढून टाकले. समीरा कोहली खटला म्हणून तो ओळखला जातो. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की जिवावर बेतलेलं नसताना सज्ञान बाईच्या वतीनं तिच्या आईची संमती चालत नाही. पुरेशी माहिती देऊन तिची स्वतःची संमती घेतली पाहिजे.

आता आपल्या वॉर्डात काय होतं? रात्री फॉर्म सिस्टरच्या टेबलावर येतो, "सही घेऊन ठेवा." सिस्टर घाईत मावशीला सांगते, "अंगठा घे." मावशी जाते नवऱ्याकडे, कारण सही त्याची लागते असं सगळ्यांनाच वाटतं. ज्या बाईच्या पोटावर सुरी चालणार ती खाटेवर जागी असते. तिला कुणी विचारत नाही. शस्त्रक्रिया समजावून सांगणं डॉक्टरचं काम आहे. ते झालं नसेल तर "सर, तुम्ही बाईंशी बोला, मग मी साक्षीदार म्हणून सही करते" असं म्हणणं सिस्टरचं कर्तव्य आहे. असं म्हणायला धाडस लागतं हे मला ठाऊक आहे. पण सिस्टरनं ते म्हटलं नाही, तर त्या बाईसाठी म्हणणारं वॉर्डात दुसरं कोण आहे?

बेचाळीस वर्षांची ओव्हर

हे जमतं का, असं कुणी विचारलं तर मी अरुणा शानबाग यांचं उदाहरण देते. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात त्या परिचारिका होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच सफाई कामगारानं त्यांच्यावर हल्ला केला. त्या त्यातून पुन्हा सावरल्या नाहीत. १८ मे २०१५ रोजी त्यांचं निधन झालं, तोवर जवळजवळ ४२ वर्षं त्याच रुग्णालयातल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. ज्यांनी त्यांना पाहिलंही नव्हतं अशा मुली नोकरीला लागल्या आणि निवृत्त झाल्या, पण कूस बदलणं, भरवणं, स्वच्छता यांत खंड पडला नाही. ७ मार्च २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं या शुश्रूषेची वाखाणणी केली, इतक्या वर्षांत बेडसोअर झाला नाही याची नोंद घेतली आणि अरुणाताईंच्या वतीनं बोलण्याचा अधिकार रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांचा मानला.

मी याकडे त्यागाची गोष्ट म्हणून पाहत नाही. त्या इतकी वर्षं एकच काम नीट करत राहिल्या: ओव्हर. पाळी बदलताना काम हातात देताना त्याची जबाबदारीही हातात दिली गेली आणि घेणारीनं ती घेतली. आणि तो हल्ला त्यांच्यातल्याच एकीवर झाला होता, हेही विसरू नये. रात्रपाळीतल्या बाईची सुरक्षितता हा तेव्हाही प्रश्न होता आणि आजही आहे.

आपण काय करू शकतो

पहिली गोष्ट. काम कुणाला सांगितलं ते लिहा. "फीड दिले" एवढं पुरेसं नाही. कुणी दिलं, कुणी पाहिलं, हे नोंदवहीत यावं. ज्याची नोंद नसते ते नेहमी "परस्पर" होतं.

दुसरी. न शिकवलेलं काम मावशीला सांगू नका, आणि मावशीनंही "मला येत नाही" हे मोठ्यानं म्हणावं. येत नाही म्हणण्यात कमीपणा नाही.

तिसरी. एका सिस्टरवर झेपणार नाहीत इतके रुग्ण आले, तर परिसेविका आणि अधिसेविकेला त्याच पाळीत लेखी कळवा आणि प्रत जवळ ठेवा. एकटीनं लिहिलं की बदलीची भीती असते, म्हणून आठ-दहा जणींनी मिळून सही करा. संघटना त्यासाठीच आहे, आणि आमचा गट सोबत येईल.

चौथी, गटातल्या बायकांसाठी. सिस्टरवर ओरडण्याआधी वॉर्डात आज किती सिस्टर आहेत ते विचारा. जागा का रिकाम्या आहेत, हा प्रश्न रुग्ण कल्याण समितीपुढे आणि आमदारांपुढे न्या. माहितीच्या अधिकाराचा अर्ज कसा करायचा हे आपण बचतगटाच्या बैठकांत शिकलोच आहोत.

पाचवी, माझ्यासारख्या समाजसेविकांसाठी. घरी सोडण्यापूर्वी नातेवाइकांना शुश्रूषा शिकवणं आवश्यक आहे. पण ती सिस्टरनं शिकवायची, समोर करून घ्यायची, नोंद करायची. कर्मचारी कमी आहेत म्हणून सुनेच्या हातात सिरिंज देणं याला शिक्षण म्हणत नाहीत. हे मी फार उशिरा शिकले.

ती सून पुन्हा भेटली नाही. भेटली तर मी तिला सांगेन: तुझ्या हातात सिरिंज होती, पण ती तिथवर पोचवणारे हात बरेच होते, आणि त्यातला एक माझा होता. तू एकटीनं हे ओझं वाहू नकोस. चौकशीच्या कागदावर तुझ्याविषयी जे लिहिलं ते खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे तेव्हाच लिहून द्यायला हवं होतं.

आता चहा आहे. आज तरी सगळ्यांनी एकाच टेबलावर घ्यावा, एवढी विनंती करते आणि थांबते.